वेणूबायची खुर्ची

अजूनही खुर्चीत बसले की मी आधी मागं बघते, वेणूबायचा हात येतो का म्हणून. येणार नाय हे मला माहीत हाय, ती आता समुद्राकाठी दांडी गावात तिच्या घरी हाय, पण लागलेली सवय जात नाय. तुमी खुर्चीत बसलात की ती मागून यायची, पायाचा आवाज नाय काय नाय, आणि आपला पंजा तुमच्या कमरेच्या आणि खुर्चीच्या मधी सरकवायची. हात आरपार गेला की बोलायची, "इथनं माजी होडी जाईल गो." आणि हात मधी अडकला की बोलायची, "आता बरं." एवढंच बोलून पुढच्या बाईकडं. तो हात खरखरीत होता, बोटांवर मासे कापताना लागलेले जुने वण, आणि त्याला साबणाचा वास, कारण कंपनीत शिरायच्या आधी ती नळावर उभी राहून हात चोळचोळून धुवायची. अंगाला माशाचा वास येतो असं कुणीतरी एकदा तिला बोललं होतं. कोण ते तिनं कधी सांगितलं नाय, पण हात धुवायची सोडली नाय.

मी ममता. सफाळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला माजं माहेर. शाळा नववीपर्यंत. लग्न होऊन बोईसरला आले आणि स्वरा झाली, आणि स्वरा सहा महिन्यांची झाली तशी कामाला लागले, सासू पोरीला सांभाळते. मला लिवायची सवय नाय, म्हणून एका दमात सांगते, मधी थांबले तर पुढचं आठवायचं नाय अशी भीती वाटते. तशी मला सगळ्याचीच भीती वाटते, पण वेणूबायचं सांगायला नाय वाटत.

आमच्या कंपनीत बाटल्यांची झाकणं बनतात. झाकणं खोक्यात भरतात आणि त्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं काढायची एक वेगळी खोली हाय, तिथं आमी चौघी. वेणूबाय, रेश्मा, एडवणची सविता आणि मी. समोर कॉम्प्युटर. चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, कॉम्प्युटरवर मारायचा, मशीनमधून लेबल निघतं ते तपासायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच, आणि एक आकडा चुकला की अख्खी गाडी माल परत येतो.

वेणूबाय आमच्यात मोठी. वयानं मोठी आणि उंचीनं पण. दरवाजातून यायची तर जरा वाकायची, बाकी कुठं वाकायची नाय. लग्नाआधी आणि लग्नानंतर पण कितीतरी वर्षं ती डोक्यावर माशांची पाटी घेऊन दांडीतून गावोगाव फिरली होती. डोक्यावर पाटी असली की मान हलवायची नाय, फक्त डोळे हलवायचे. पाटी गेली पण मान तशीच राहिली. मागून हाक मारली तर ती मान वळवायची नाय, सगळीच्या सगळी वळायची. तिवारीजी, म्हंजे ठेकेदाराचा माणूस, ज्याच्या हाताखाली आमी, तो बोलायचा, "वेणूबाय मुंडी नहीं घुमाती, पूरा जहाज घुमाती है." ती पण त्याला सोडायची नाय. बोलायची, "जहाजासमोर होडीनं मधी येऊ नये, तिवारी."

ती कंपनीत आधी झाडू मारायला आली होती. लेबलच्या खोलीत झाडताना बघून बघून आकडे मारायला शिकली. कॉम्प्युटरला ती 'मेला' बोलायची. सकाळी आली की "उठ मेल्या" करून चालू करायची. केसात अबोलीचा गजरा, सुकला तरी संध्याकाळपर्यंत. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी, पण डबा उघडायच्या आधी खिडकी उघडणार, मग सगळ्यांच्या भाकरीवर थोडी थोडी ठेवणार, विचारणार नाय. सविता श्रावण पाळायची, तेवढा महिना ती सुटायची.

आणि तिची ओहोटी. ती आमाला फार वेळ बसूनच द्यायची नाय. एक गठ्ठा लेबलं झाली की हाक मारायची, "ओहोटी लागली, उठा." ओहोटी लागली की तिच्या गावच्या बायका खडकात कालवं काढायला निघतात, तसं आमी उठायचं, पाण्याच्या पिंपापर्यंत जायचं, घोटभर पाणी प्यायचं, हात वर ताणायचे आणि परत यायचं. मग ती बोलायची, "भरती," आणि आमी बसायचं. तिवारीजी आधी चिडायचा, मग त्यालाच सवय लागली. आमी उठलो नाय तर तोच दारातून विचारायचा, "क्या बाय, आज ओहोटी नहीं आई?"

आता माज्या पाठीचं सांगते.

स्वरा ऑपरेशननं झाली. त्याच्यानंतर माजी कंबर धरायची, म्हंजे बसलं की थोड्या वेळानं कमरेत कुणीतरी पकड घालून पिळतंय असं व्हायचं. तेवा आमच्या खोलीत मांडवात असतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, हात नाय, चाकं नाय, बसलं की मधी खोलगट. मी टॉवेलची घडी मागं ठेवून बसायची. कुणाला बोलायची नाय. कारण माज्या जागेवर आधी जी बाई होती तिचं पण कमरेचंच झालं होतं. ती सारखी उठायची, तिची लेबलं मागं पडायची, मग तिवारीजी तिला बोलला, घरी आराम कर, बरी झालीस की ये. ती बरी झाली की नाय मला माहीत नाय. तिला परत बोलावलं नाय आणि तिच्या खुर्चीत मी बसले. रोज त्या खुर्चीत बसताना मला वाटायचं, माज्यानंतर इथं कोण बसणार. घरी स्वराला उचलताना मी दात दाबून उचलायची, सासूला कळू नये म्हणून.

तेवढ्यात बाहेरगावचे लोक आमची कंपनी बघायला येणार असं ठरलं. भिंतींना रंग लागला, झाडांच्या कुंड्या आल्या. वेणूबाय सरळ साहेबांच्या केबिनमधी गेली आणि बोलली, साहेब, पावणे भिंती बघून जातील, पण आमी बसतो कशावर ते पण बघतील. साहेब चांगला माणूस. बोलला, जा, पालघरला दुकान हाय आपल्या ओळखीचं, तुमच्या खोलीला खुर्च्या तूच पसंत करून ये.

ती गेली एकटीच. आणि काय खुर्च्या आल्या! काळ्याभोर, उंच पाठीच्या, डोक्याला टेकायला वेगळी उशी, बसायला गादी फुगलेली, हाताला पण उशा. सिनेमातला शेठ बसतो तशा. टेंपोतून उतरवताना अख्खी कंपनी बघायला आली. हिशेबाच्या खोलीतल्या बाईला स्वतःची खुर्ची जुनी वाटायला लागली. वेणूबायनं चारी खुर्च्यांना हळद-कुंकू लावलं, चाकांना पण लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि मग सांगितलं, "प्लास्टिक कुणी काढायचं नाय हां. कव्हर हाय तोवर नवी."

कुणी काढणार पण नव्हतं. आमच्याकडं कोण काढतं? माज्या सासऱ्यांच्या मोटारसायकलची सीट अजून प्लास्टिकमधी हाय आणि गाडी घेऊन किती वर्षं झाली. टीव्हीचा रिमोट पिशवीत. रेश्माच्या घरच्या सोफ्यावर पावणे बसले की चर्र चर्र आवाज येतो आणि तिची आई खूश होते, बघा नवा हाय म्हणून. तसं आमी चौघी त्या प्लास्टिकवर चढून बसलो, राण्यांसारख्या.

दोन दिवसांत मला कळलं की मी घसरते. प्लास्टिक गुळगुळीत, गादी फुगलेली, आणि माजे पाय खाली पोचत नव्हते, नुसते लोंबत होते. खुर्ची सगळ्यात खाली केली तरी. मी मागं टेकून बसायची आणि हळूहळू पुढं यायची, परत मागं जायची, परत पुढं. वेणूबायचा हात यायचा तेवा मी नेमकी मागं सरकून बसायची, म्हणून तिला कळायचं नाय. टेकायला पाठ होती पण माज्या पाठीपर्यंत ती पोचायचीच नाय. कंबर आधीपेक्षा वाईट झाली. पण सांगणार कसं? वेणूबाय दिवसातून किती वेळा त्या खुर्च्यांवरनं हात फिरवायची. तिनं एवढ्या थाटात आणलेल्या खुर्च्या, त्यात मी बोलू की मला जमत नाय? आणि बोलले तर तिवारीजीच्या कानावर जाणार, की हिला शेठच्या खुर्चीत पण बसता येत नाय. महिन्याच्या शेवटी एक मोठी ऑर्डर जाणार होती. तिवारीजीनं आधीच सांगून ठेवलं होतं की जिची लेबलं मागं पडतील ती पुढच्या महिन्यात नसेल.

मी काय केलं, ओढणीनं स्वतःला बांधलं. कमरेभोवती ओढणी घेतली आणि खुर्चीच्या पाठीला मागं गाठ मारली, म्हंजे पुढं घसरायचं नाय. वरून कंपनीचा कोट घातला की दिसायचं नाय. तसं चाललं काही दिवस. मग एकदा वेणूबायनं हाक मारली, "ओहोटी लागली," सगळ्या उठल्या आणि मी उठले ती खुर्ची घेऊनच उठले. रेश्मा हसायला लागली. वेणूबाय हसली नाय. ती सगळीच्या सगळी वळली आणि माज्या मागं आली.

"हे काय गो?"

"काय नाय बाय."

"खुर्ची पळून जाते का तू?"

मग तोंडातून गेलं, "घसरते मी. बाय, तिवारीजीला सांगू नका."

ती खाली उकिडवी बसली, ती एवढी उंच बाई, आणि माज्या पायांकडं बघत राहिली. मला परत बसायला लावलं. पाय हवेत. मग उठून पंजा मागं घातला, हात कोपरापर्यंत गेला. ती होडीचं काय बोलली नाय. ओढणीची गाठ सोडली, ओढणीची घडी घातली, माज्या मांडीवर ठेवली आणि बोलली, "सांगितलं नायस तर मला कळणार कसं? मी काय देव्हाऱ्यातली देवी हाय? उद्या माज्यासंगं यायचं. तिवारीला मी बघते."

दुसऱ्या दिवशी बसनं पालघरला, सरकारी दवाखान्यात. तिथं व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण होती, वयानं माज्याएवढीच. तिनं मला स्टुलावर बसवलं, पायाखाली खोका दिला, कमरेला उशी लावली आणि विचारलं, आता कसं वाटतं? मला कायच वाटत नव्हतं. म्हंजे दुखत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी बसले होते आणि दुखत नव्हतं. ती बोलली, हाड चांगलं हाय, घाबरायचं काय नाय, ऑपरेशननंतर पोटाचे स्नायू सैल होतात त्याचा भार कमरेवर येतो, हे एवढे व्यायाम कर आणि बसायचं बदल.

मग वेणूबायनं तिला धरलं. बाहेर रांग होती तरी डॉक्टरीण सांगत राहिली, तिला पण मजा वाटत असणार. वेणूबाय विचारायची, बुटक्या बाईला कसली खुर्ची, जाड्या बाईला कसली, आणि टेबल उंच असलं तर, आणि गादी जाड चांगली की पातळ. डॉक्टरीण बोलली की सगळ्यांना बसेल अशी एक खुर्ची नसतेच, खुर्ची वरखाली व्हायला पायजे आणि ज्याची त्यानं बसूनच घ्यायला पायजे. पाय टेकलेले. गुडघ्यामागं गादीची कड रुतायला नको. कमरेच्या खळग्यात खुर्चीची पाठ भरली पायजे. कोपर टेबलाच्या बरोबरीनं. आणि एवढं सगळं असलं तरी सारखं बसायचं नाय, मधी मधी उठायचं. हे ऐकल्यावर वेणूबायनं माज्याकडं असं बघितलं की बघ, ओहोटी.

परतीच्या बसमधी ती तेच घोकत होती, स्वतःच्या अंगाला हात लावून. पाय, गुडघा, कंबर, कोपर. पाय, गुडघा, कंबर, कोपर. बाजूची बाई सरकून बसली. मग उमरोळी गाव मागं पडल्यावर तिचं घोकणं थांबलं. खिडकीबाहेर बघतच बोलली, "दुकानात मी बसले ना पोरी, तर पाय टेकले, पाठ टेकली, डोकं पण टेकलं. वाटलं काय खुर्ची हाय. मी माज्या मापाची झबली सगळ्यांना शिवली गो."

सकाळी तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं, जसंच्या तसं. तिवारीजी पण दारात होता. तिनं विचारलं, आणखी कोणाला त्रास हाय? तर सविता बोलली, माजे पाय संध्याकाळी मुंग्या आल्यासारखे होतात. रेश्मा बोलली, माजी मान. सगळ्या गप्प होत्या, माज्यासारख्याच, तिचं मन मोडू नये म्हणून. वेणूबायला असा राग आला, स्वतःचाच, की ती आपल्या खुर्चीकडं गेली आणि तिनं नखानं प्लास्टिक टराटरा फाडलं. दुसऱ्या खुर्चीला हात घालणार तेवढ्यात रेश्मा ओरडली, "बाय, थांब! फाडलं तर दुकानदार परत घेईल का?"

वेणूबायचा हात तसाच हवेत राहिला. तिनं आमच्या तिघींच्या खुर्च्या बघितल्या. कव्हर अख्खं. एक ओरखडा नाय. मग ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून, हलत हलत. बोलली, "आमी चिकट माणसं म्हणून वाचलो गो."

साहेब बोलला, दुकानदारानं परत घेतल्या तर बदलून आणा, नाय घेतल्या तर मला काय करता येणार नाय. तिवारीजी बोलला, बेचा हुआ माल कोई वापस लेता है क्या? आणि मला बोलला, आठवड्यावर ऑर्डर हाय, ध्यान में रख. 

कंपनीचा टेंपो पालघरला जाणारच होता, त्यात तीन खुर्च्या चढवल्या आणि आमी चौघी. दुकानाचा शेठ खुर्च्या बघूनच मान हलवायला लागला. वापरलेला माल आमी घेत नाय. वेणूबाय बोलली, वापरला कुठं, हात लावून बघा, तुमच्या दुकानातली धूळ पण तशीच हाय वर. शेठनं बोट दाखवलं, हे काय मग? हळद-कुंकू. मला वाटलं संपलं. वेणूबायनं पदराचं टोक पाण्यात भिजवलं, पुसलं, साफ. बोलली, "प्लास्टिकवर होतं, खुर्चीवर नाय. पूजा झालेली खुर्ची परत देते शेठ, तुमचंच भलं." शेठला हसू आवरेना. बोलला, बदलून देतो, पण यावेळी नीट बघून घ्या, परत परत चालायचं नाय.

तर ती नीट बघायला बसली. तिनं जाळ्याची दोरी आणली होती, तिला एक गाठ मारलेली, आमच्या टेबलाची उंची. दुकानातलं एक टेबल त्या गाठीला बरोबर आलं, तेच ओढून घेतलं. मग एकेक खुर्ची आणायची, एकेकीनं बसायचं, टेबलावर बोटं मारायची जसे आकडे मारतो तसे, आणि बसून राहायचं. शेठ बोलला, बसून बघितलं ना, झालं. ती बोलली, "मासा घेताना कल्ले उघडून बघता ना शेठ? आणि ह्याच्यावर तर आमाला दिवस काढायचाय." आमी डबे पण तिथंच खाल्ले, खुर्चीत बसून, आणि शेठच्या हातावर बोंबलाची चटणी आली. तो शाकाहारी होता, त्यानं ती हळूच नोकराला दिली. गिऱ्हाईकं यायची ती आमाला बघत उभी राहायची. एक मास्तर आले होते मुलासाठी खुर्ची घ्यायला, ते पण रांगेत बसले आणि वेणूबायनं त्यांच्या मागं पण हात घालून बघितला.

रेश्माला मरून रंगाची पायजे होती. ती बसली आणि गुडघ्यामागं कड रुतली, वेणूबायनं उठवलं. सविताला एक जमली तर त्या खुर्चीचे हात टेबलाला अडकले. शेवटी एक राहिली, दिसायला अगदीच गरीब. पाठीला जाळी, डोक्याला काय नाय, गादी पातळ. पण खाली वर व्हायची आणि कमरेकडं जाळी पुढं आलेली, तीही वरखाली व्हायची. रेश्मा नाक मुरडून बोलली, ही तर बँकेतल्या कारकुनाची वाटते. वेणूबाय बोलली, "मग? बँकेतला कारकून म्हातारा होईस्तोवर बसतो ना?"

मी बसले. टेबलाला कोपर लावायला खुर्ची वर केली, तर पाय परत उचलले गेले, माजा चेहरा पडला. वेणूबायनं पिशवीतून पाट काढला. घरून आणलेला, जेवायला बसायचा पाट. पायाखाली ठेवला. पाय टेकले. मग मागून हात आला, साबणाचा वास आला. कमरेजवळ आला आणि अडकला. पुढं जाईना.

"आता बरं," ती बोलली.

मला रडायला आलं. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. शेठ घाबरला, बोलला, बाईंना पसंत नाय का?

त्याच संध्याकाळी खुर्च्या खोलीत आल्या. यावेळी पूजा नाय, नारळ नाय. वेणूबाय मधोमध उभी राहिली आणि बोलली, काढा प्लास्टिक. काय मजा आली सांगू, आमी तिघी फाडत होतो, चर्र चर्र, रेश्मा तर दातानं. नवी वस्तू उघडी करून वापरायची ही आमच्या आयुष्यात पहिलीच वेळ. वेणूबायच्या काळीचं कव्हर मात्र आधीच फाटलेलं, म्हणून ती परत गेली नव्हती, ती तिलाच राहिली. तिला ती बसायची पण छान. तिनं डोक्याची उशी काढून टाकली, गजरा चुरगळतो म्हणून.

मोठ्या ऑर्डरचा आठवडा आला. खोक्यांचे ढीग दारापर्यंत. वेणूबाय भरती-ओहोटी सोडेना. तिवारीजी बोलला, आज तो मत उठो. ती बोलली, समुद्र कुणासाठी थांबलाय? आमी उठायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो. मी आकडे मारत होते आणि मधीच माज्या लक्षात आलं की मी कमरेचा विचार करत नाय. आकड्यांचा करते. दुपारी स्वराचा विचार केला, तोही हसतच केला. शेवटची लेबलं माज्याच मशीनमधून निघाली, गाडी वेळेच्या आधी भरली, एक खोकं परत आलं नाय. तिवारीजी दारात येऊन उभा राहिला. मी उभी राहायला गेले तर बोलला, "बैठ, बैठ. अगले महीने भी तू ही बैठेगी." वेणूबायनं त्याला विचारलं, आणि त्याच्या पुढच्या? तो बोलला, "अरे बाय, जब तक बैठना है बैठे." आणि मग हळूच विचारलं, गेटवरच्या केबिनमधी आपल्याला पण अशी एक मिळेल का.

त्याच्यानंतर वेणूबाय अख्ख्या कंपनीत फिरली. हिशेबाच्या खोलीत, गेटवर, सगळ्यांच्या पाठीमागं हात. साहेबांनीच बोलावलं, माजी पण बघ. तिनं पंजा घातला आणि बोलली, साहेब, तुमच्या मागनं तर माज्या भावाचा ट्रॉलर जाईल. साहेब एवढे हसले की चहा सांडला. कंपनीतल्या खुर्च्या हळूहळू सगळ्या बदलल्या, आणि दर वेळी माणसं पालघरला जाऊन स्वतः बसून घेऊन आली. शेठनं दुकानात ते टेबल तसंच ठेवलंय म्हणे.

घरी मी स्वराला एका झटक्यात उचलते आता. सासू बोलते, जरा हळू.

मग वेणूबायचं वय झालं, काम सोडायची वेळ आली. साहेबांनी विचारलं, तुला काय देऊ? साडी, घड्याळ, काय पायजे ते सांग. तिनं विचार पण केला नाय. बोलली, "ती काळी द्या."

जायच्या दिवशी काळी खुर्ची टेंपोत चढवली. वेणूबायनं जाळ्याच्या दोरीनं तिची चाकं फळीला बांधली, अशी की वादळात होडी बांधावी. ड्रायव्हर बोलला, मावशी, पुढं माज्या बाजूला बसा. ती बोलली, खुर्ची माजी असताना तुज्या बाजूला कशाला बसू? आणि चढून खुर्चीत बसली, आमच्याकडं तोंड करून. अंगावर शाल, मांडीवर नारळ, केसात ताजी अबोली. तारापूरकडच्या रस्त्यानं जाताना लोकांना काय वाटलं असेल, कुणाची वरात म्हणून.

टेंपो गेटमधून हळूहळू बाहेर पडला. तिवारीजी हात हलवत ओरडला, "जहाज चला!" रेश्मा, सविता रडत होत्या, मी पण. वेणूबाय रडत नव्हती. मान सरळ, पाठ सरळ, खड्ड्यावर टेंपो उडला तरी ती हलली नाय. मग वळणाजवळ तिनं आपला उजवा हात मागं नेला, स्वतःच्याच कमरेच्या आणि खुर्चीच्या मधी घालायला बघितला. गेला नाय. तिनं तो पंजा काढून उंच वर केला, आमाला दाखवला, आणि तोंड हललेलं दिसलं. आवाज आला नाय, पण काय बोलली ते आमाला सगळ्यांना कळलं.